रागाच्या आधी काय घडलं?

कामरगावात मारकुट्या, आडदांड पोराचा विषय निघाला की फिरून फिरून तीनच उत्तरं कानावर येतात. "बापावर गेलं हाय." "मोबाइलनं बिघडवलं." "मोठा झाला का कयते त्याले." तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण ती ऐकून घेतल्यावर आईबापांच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. रक्तातच असेल तर हात टेकायचे, मोबाइलचा दोष असेल तर तो हिसकावून घ्यायचा, आणि पुढे कळणारच असेल तर वाट पाहायची. मधल्या काळात घरात रोज भांडी आपटली जातात, धाकटी भावंडं मार खातात आणि मुलाच्या नावापुढे 'वाया गेलेला' हा शिक्का बसतो. मुलाचं आक्रमक वागणं नेमकं कसं घडतं, ते कशावर पोसलं जातं आणि कुठे अडवता येतं, हे सावकाश समजून घेतलं तर यातलं बरंच टळतं.

एक संध्याकाळ घेऊ. हा प्रसंग कुणा एका घरातला नाही, वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत तो घडतो. सोयाबीन सोंगणीचे दिवस आहेत. आई सकाळपासून वावरात. सातवीतला मुलगा पाच वाजता शाळेतून येतो. दुपारच्या खिचडीनंतर त्याच्या पोटात काही गेलेलं नाही. घरी आजी आणि दुसरीतली बहीण. मुलगा काकाचा मोबाइल घेऊन गेम खेळत बसतो. साडेसहाला आई येते, पाठ मोडून आलेली, समोर चूल आणि भांडी. "ठेव तो मोबाइल, अभ्यासाले बस." "पाच मिनिटं." असं तीनदा होतं. चौथ्यांदा आई ओरडते आणि त्याच्या हातातून मोबाइल ओढते. तो आईला ढकलतो, पाण्याच्या गुंडाला लाथ मारतो, मध्ये आलेल्या बहिणीला चापट लगावतो. आजी म्हणते, "देऊन दे वं माय, दिवसभराचं दमलं लेकरू." आई मोबाइल देते. घर शांत होतं. रात्री बाप येतो, सगळं ऐकतो, पोराला दोन ठेवून देतो.

प्रत्यक्ष भडका जेमतेम चार मिनिटांचा. पण त्या एका संध्याकाळी घरातला प्रत्येक जण काही ना काही शिकला. मुलगा शिकला की 'पाच मिनिटं' म्हणून उपयोग होत नाही, लाथ मारली की मोबाइल मिळतो. आई शिकली की अडून बसलं तर गोंधळ होतो, देऊन टाकलं की शांतता मिळते. बहीण शिकली की दादा चिडला की आपण कोपऱ्यात जायचं. आणि बापाने, त्याच्या मनात असो वा नसो, हे शिकवलं की ज्याच्या अंगात जोर जास्त, त्याने मारायचं असतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं असेच प्रसंग बारकाईने पाहिले. आक्रमक मुलांच्या घरी निरीक्षक पाठवायचे, कोण काय बोललं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, हे क्षणाक्षणाला टिपून घ्यायचं. १९८२ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: एक जण मागणी करतो, दुसरा नकार देतो, पहिला आवाज चढवतो, दुसरा त्याहून चढवतो, आणि कुणीतरी एक जण माघार घेतो. जो जिंकतो त्याला चढण्याचं बक्षीस मिळतं, जो हरतो त्याला शांततेचं. म्हणजे दोघांनाही काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून पुढच्या वेळी तोच खेळ पुन्हा होतो, फक्त सुरुवात वरच्या पायरीपासून होते. आज गुंडाला लाथ, दोन महिन्यांनी दाराला, वर्षाने आईच्या अंगावर. यात वाईट माणूस कुणीच नाही. दमलेली आई आणि भुकेला मुलगा, दोघंही आपापल्या परीने सुटका शोधत असतात. माझ्या मते आक्रमक मुलांविषयी आईबापांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगावी, कारण या साखळीतली कडी तोडणं घरातल्या माणसांच्या हातात असतं. रक्त आणि स्वभाव त्यांच्या हातात नसतात.

आता थोडं मागे, अगदी लहान वयात जाऊ. माणूस आयुष्यात सर्वांत जास्त मारामारी कधी करतो? बहुतेकांना वाटतं, चौदाव्या-पंधराव्या वर्षी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात रिचर्ड ट्रेंब्ले यांनी हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला तेव्हा उत्तर वेगळं निघालं. मारणं, चावणं, ढकलणं, ओरबाडणं हे वयाच्या २ ते ४ वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि मग बहुतेक मुलांत ते कमी होत जातं. मारायचं कसं हे मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते न मारता आपलं म्हणणं पुढे कसं करायचं हे. थांबायला, मागायला, पाळी लावायला आणि राग शब्दांत सांगायला मूल हळूहळू शिकतं. अंगणवाडीत दुसऱ्याच्या हातावर दात लावणाऱ्या पोराकडे पाहिलं तर बहुधा दिसतं की त्याला अजून नीट बोलता येत नाही. 'दे', 'माझं', 'मला नको' एवढे शब्द तोंडात बसले की चावणं बरंच ओसरतं. म्हणून ज्या मुलाला उशिरा बोलणं येतं त्याच्या कानाची तपासणी करून घ्यावी, आणि ते नुसतं हट्टी आहे असं धरून चालू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी जे काम उभं केलं, ते मुलाला न मारता, न भिववता शिकवता येतं या विश्वासावरच. आपल्या मातीत ही समज नवी नाही.

राग येतो तेव्हा शरीरात काय होतं? मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, तो धोक्याची सूचना देतो. धोका खरा आहे की नाही हे पाहायला तो थांबत नाही. क्षणात छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत रक्त धावतं, मुठी आवळल्या जातात. या धावपळीला लगाम घालणारा भाग कपाळामागे असतो. परिणामांचा विचार करणं, थांबणं, शब्द शोधणं हे त्याचं काम. हा भाग पूर्ण वाढायला साधारण पंचविसावं वर्ष उजाडतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला मिसरूड फुटत असतं, तो उंचीने आईच्या वर गेलेला असतो, म्हणून आपण त्याच्याकडून मोठ्या माणसाच्या संयमाची अपेक्षा करतो. तो संयम अजून तयार व्हायचा असतो. त्यात भूक, अपुरी झोप, ऊन आणि आजार यांची भर पडली की लगाम आणखी सुटतो. शाळकरी मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, किशोरवयीनाला ८ ते १० तास. रात्री बारापर्यंत व्हिडिओ पाहून सकाळी सहाला उठवलेलं पोर दिवसभर अंगावर येतं, त्यात नवल नाही.

राग उसळलेला असताना दिलेला उपदेश वाया जातो तो याच कारणामुळे. त्या वेळी ऐकणारा भागच कामावर नसतो. शरीर शांत व्हायला बराच वेळ लागतो, आणि मधेच कुणी डिवचलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

सगळी आक्रमकता तापट नसते, हेही ओळखायला हवं. एक प्रकार भडका उडण्याचा. काहीतरी टोचलं, अपमान झाला, भीती वाटली आणि हात उठला. नंतर अशा मुलाला बहुधा पश्चात्ताप होतो. दुसरा प्रकार थंड डोक्याचा. लहान मुलाच्या खाऊचे पैसे काढून घेणं, धाक दाखवून गृहपाठ करून घेणं, एखाद्याला रोज मधल्या सुट्टीत गाठणं. इथे राग नसतोच, फायदा असतो. पहिल्याला राग सांभाळायला शिकवावं लागतं. दुसऱ्याचा फायदा बंद करावा लागतो आणि त्याच्यावर सतत, शांत नजर ठेवावी लागते. दोघांना एकच छडी दाखवली तर दोघांचंही नुकसान होतं.

भडकणाऱ्या मुलांबद्दल मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांचं निरीक्षण फार उपयोगी आहे. मधल्या सुट्टीत नळाच्या रांगेत मागून धक्का लागला. चुकून लागला की मुद्दाम मारला, हे स्पष्ट नाही. बहुतेक मुलं मागे वळून पाहतात आणि सोडून देतात. काही मुलांना मात्र अशा प्रत्येक धक्क्यात हेतू दिसतो: 'यानं मुद्दामच केलं.' १९९० साली डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की लहानपणी घरात मार खाल्लेल्या मुलांत ही सवय जास्त आढळते. ज्याच्या अंगावर अचानक हात पडत आला आहे तो पुढच्या हाताची वाट पाहत जगतो. अशा मुलाला वर्गशिक्षकाने एवढंच विचारायचं: "आणखी काय कारण असू शकतं?" त्याचा पाय घसरला असेल, त्यालाही मागून कुणी ढकललं असेल. हा प्रश्न वर्षभर, न चिडता, पुन्हा पुन्हा विचारला तर मूल तो स्वतःलाच विचारू लागतं.

मारण्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. "आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. मारल्याने मूल त्या क्षणी थांबतं, हे खरं. म्हणूनच मारणाऱ्याला वाटतं की उपाय लागू पडला. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारायला लावलं. नंतर त्या मुलांना तशाच बाहुलीजवळ सोडलं तेव्हा त्यांनी तसंच मारलं, त्या माणसाच्या तोंडचे शब्दसुद्धा जसेच्या तसे वापरले. मूल पाहून शिकतं. बहिणीला मारलं म्हणून बापाने मारलं तर मुलाच्या लक्षात राहतं ते मारणं, बहीण नव्हे. बाप दारू पिऊन आईवर हात टाकत असेल तर मुलाला शाळेत 'भांडू नये' शिकवणं फार अवघड होऊन बसतं. आणि शाळेपुरतं बोलायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. 'चांगल्यासाठी मारलं' या सबबीला तिथे जागा नाही.

मुलींच्या आक्रमकतेकडे तर आपलं लक्षच जात नाही, कारण ती दिसत नाही. डब्याला कुणी सोबत न घेणं, अफवा पसरवणं, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून काढून टाकणं, फोटोवर टिंगल करणं. मुलंही हे करतात. जखम दिसत नाही, पण शाळा सोडायला लावण्याइतकी ती खोल असते.

आता 'मोठा झाला का कयते' या वाक्याकडे वळू. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यावरून टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दोन वाटा मांडल्या. एक छोटा गट असा, की ज्यातली मुलं शाळेत जाण्याआधीपासून मारकुटी असतात आणि वेळेवर मदत मिळाली नाही तर मोठेपणीही तशीच राहतात. दुसरा मोठा गट तेराव्या-चौदाव्या वर्षी बंड करू लागतो आणि विशीत बहुधा ताळ्यावर येतो. म्हणजे ते वाक्य दुसऱ्या गटापुरतं बरंचसं खरं आहे, पहिल्या गटासाठी घातक आहे. आणि दुसऱ्या गटालाही वाटेत सापळे असतात. दहावीत नापास होऊन शाळा सुटली, खर्ऱ्याची आणि मग दारूची सवय लागली, भांडणात कुणाचं डोकं फुटून पोलिसांत नाव गेलं, की शहाणपण आलं तरी परत फिरायला वाट राहत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, त्याला कोठडीत टाकता येत नाही. हे पालकांनी माहीत ठेवावं. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत घराचं पहिलं काम त्याला या सापळ्यांपासून दूर ठेवणं हे आहे. केस कसे कापले आणि उलट का बोलला यावर रोजची लढाई लढण्यात ती ताकद खर्च करू नये.

काही वेळा आक्रमकता हे वरचं लक्षण असतं, मूळ दुखणं वेगळंच असतं. ऐकू कमी येणं, डोळ्यांचा नंबर, एका जागी बसताच न येणारी अतिचंचलता, वाचन-लेखनातली अक्षमता, मतिमंदत्व, फिट्सचा आजार. कुणी लैंगिक अत्याचार करत असेल आणि मूल ते सांगू शकत नसेल, तर तेही रागातून बाहेर पडतं. किशोरवयातलं नैराश्य तर रडण्यापेक्षा चिडचिडीतूनच जास्त दिसतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार असल्याचं आढळलं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं, असा त्याचा अर्थ.

आपल्या भागात एक कारण आणखी आहे आणि त्याबद्दल दबक्या आवाजातच बोललं जातं. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं त्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आपला वाशीम जिल्हाही होता. ज्या घरातला बाप असा गेला, तिथल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराला दिवसकार्याच्या वेळीच सांगितलं जातं: "आता तूच घराचा कर्ता." रडायला त्याला जागा राहत नाही. लोक कुजबुजतात, कर्जवाले दारात येतात, आई मजुरीला जाते. हा मुलगा शाळेत कुणाच्या तरी अंगावर धावून जातो तेव्हा ते दुःख असतं, आणि त्याला शिस्तीची शिक्षा मिळते. कर्ज, नापिकी आणि दारू या तिन्हींची झळ ज्या घराला लागली आहे, तिथल्या मुलाचा राग तपासताना आधी घराची विचारपूस करावी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास मोठ्या माणसांचा होता. पण आईचं किंवा बापाचं नैराश्य बरं होणं हा मुलासाठीही मोठा आधार असतो.

मग करायचं काय? पहिलं काम कागदावरचं आहे. एक वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे फक्त लिहा. मघाच्या घरातली वही अशी दिसेल. सोमवार, संध्याकाळी पावणेसात. आधी: शाळेतून आल्यावर काही खाल्लं नव्हतं, गेम चालू होता, मी मोबाइल ओढला. केलं: गुंडाला लाथ, बहिणीला चापट. नंतर: मोबाइल मिळाला, रात्री मार बसला. बुधवार, संध्याकाळ. आधी: आजीने आल्या आल्या मुरमुरे आणि चहा दिला, मामा आला होता, त्याच्याशी बोलत बसला. केलं: काही नाही. शुक्रवार, सकाळी साडेनऊ. आधी: 'पोट दुखते' म्हणाला, पहिला तास इंग्रजीचा होता, जायलाच पाहिजे म्हटलं. केलं: दप्तर फेकलं, शिवी दिली. नंतर: शाळा बुडाली, घरी राहिला.

तीन नोंदींतच बरंच दिसतं. भूक एक कारण आहे. चालू गेम मधेच तोडणं हे दुसरं. बुधवारी भांडण झालं नाही, ही नोंद सर्वांत मोलाची, कारण काय केलं की बरं चालतं ते तिथे कळतं. आणि शुक्रवारची नोंद वेगळाच प्रश्न विचारते: या पोराला इंग्रजी वाचता येत नाही का? दप्तर फेकलं की तास चुकतो, हे त्याला कळलं आहे. त्याला रागावण्याआधी शिक्षकांशी बोलायला हवं. अशी नोंद सुरू केली की घरातल्यांची नजर 'हा असाच आहे' यावरून 'हे केव्हा होतं' याकडे वळते.

त्यानंतर एकच गोष्ट निवडायची. दहा गोष्टी एकदम सुधारायला गेलं की एकही होत नाही. समजा मोबाइल निवडला. शांत वेळी, सगळे मोठे एकत्र बसून वेळ ठरवायची. यात आजीला घ्यायलाच हवं, नाहीतर ठरलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शाळेतून आल्यावर आधी खाणं. मग ठरलेला वेळ गेम. संपायच्या आधी एकदा सूचना, तीही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून: "हा डाव संपला की ठेव." ठेवला तर लगेच, साध्या शब्दांत दाद: "सांगितल्याबरोबर ठेवला, बरं वाटलं." आपल्याकडे पोराचं तोंडावर कौतुक केलं तर ते बिघडतं असं मानतात. अनुभव उलटा आहे. ज्याला दिवसभर शिव्याच मिळतात त्याच्यासाठी एक दादही फार मोलाची ठरते. नाही ठेवला तर परिणाम छोटा, ठरलेला आणि हमखास असावा: उद्याचा गेम बंद. महिनाभराची बंदी घालू नका, ती तुमच्याच्याने पाळली जात नाही आणि मुलाला ते पक्कं ठाऊक असतं.

इथे एक इशारा आवश्यक आहे. लाथ मारून मोबाइल मिळणं बंद झालं की पहिले काही दिवस लाथा वाढतात. जे रोज मिळत होतं ते एकाएकी मिळेनासं झालं की मूल आधी जास्त जोर लावून पाहतं. बहुतेक घरं नेमकी याच दिवसांत हार मानतात आणि सर्वांत मोठ्या भडक्याला बक्षीस देऊन बसतात. हे दिवस येणार हे आधीच ठाऊक असेल तर निभावून नेता येतात.

प्रत्यक्ष भडक्याच्या वेळी कमी बोला. आवाज खाली आणा. लहान भावंडाला बाजूला करा, विळा, खुरपं हाताशी असेल तर उचलून ठेवा. मुलाला धरून ठेवू नका, दार अडवू नका. कुणाला इजा होईल असं असेल तेवढ्यापुरतंच आवरा. पाहायला आलेल्या शेजाऱ्यांना घरी पाठवा, चारचौघांत राग मागे घेणं किशोरवयीन मुलाला फार जड जातं. तो पूर्ण शांत झाल्यावर, जेवण झाल्यावर, झालेलं निस्तरायला लावा: सांडलेलं पुसणं, गुंड पुन्हा भरून आणणं, बहिणीसाठी काहीतरी करणं. माफीचे शब्द घोकून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. 'उशीवर राग काढ, म्हणजे वाफ निघून जाईल' हा सल्लाही विसरा. मन कुकरसारखं चालत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात राग धरून गोणीला ठोसे मारणारी माणसं आणखी चिडलेली निघाली. कबड्डी, कुस्ती, धावणं हे जरूर करावं, पण त्यात नियम, वस्ताद आणि हार पचवण्याची सवय असते म्हणून.

शाळेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. गोव्याच्या 'संगत' संस्थेतल्या तज्ज्ञांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम करून पाहिला. काही शाळांत तो साध्या, प्रशिक्षित समुपदेशकाने चालवला, काही शाळांत शिक्षकांनीच. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की समुपदेशक असलेल्या शाळांत दादागिरी आणि हिंसा कमी झाली, शिक्षकांवर जास्तीचं काम म्हणून टाकलं तिथे फरक पडला नाही. गुरुजींवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे आणखी एक ढकलून भागत नाही. मुलांशी बोलायला वेगळं, शिकवलेलं माणूस लागतं. मानसशास्त्राची मोठी पदवी नसली तरी चालते.

डॉक्टरकडे कधी जायचं? वागणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसलं, किंवा अभ्यास आणि मैत्री दोन्ही बुडू लागली तर जा. हत्यार उचलणं, आग लावणं, जनावरांचा छळ, स्वतःला इजा, किंवा 'मरून जाईन' असं बोलणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी जा. आणि घरात चिडका किंवा गप्प झालेला किशोर असेल तर फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. रागाच्या एका क्षणात हाताशी विष नसणं एवढ्यानेही जीव वाचतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, तेव्हा वागण्याच्या तक्रारीही त्यांना सांगता येतात. पुढच्या तपासणीसाठी वाशीमचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आणि कारंजा-मूर्तिजापूर मार्गे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे गेलं म्हणजे लगेच गोळ्या सुरू होतात, ही भीती नको. अतिचंचलता, फिट्स किंवा नैराश्य असेल तर औषध मोठा दिलासा देतं. एरवी पहिला उपचार आईबापांना शिकवण्याचाच असतो.

कामरगावच्या आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना एक विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या जागा महिलांना. पुढच्या बैठकीत बांधकाम आणि पोषण आहाराच्या जोडीला हा विषय मांडा: आपल्या शाळेत कोणती मुलं मारतात, कोणती मार खातात, आणि त्यांच्याशी कोण बोलणार? त्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८. आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 'टेली मानस' १४४१६, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, तो रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.